डोईफोडेचा दिवा हिरवाच

विश्वंभरचं नाक मोडलं तेव्हा नववी ब च्या वर्गात मिट्ट अंधार होता आणि पडद्यावर एक देवमासा संथपणे पोहत होता. आवाज असा आला, की पुढच्या रांगेतल्या पोरांना वाटलं, देवमाशानंच शेपटी आपटली!

मग विशाची किंकाळी फुटली आणि खंडागळे मॅडमनी धावत जाऊन बटणं दाबली.

बाकावर रक्त, वहीवर रक्त, विशाच्या शर्टावर तर विचारूच नका. एक दात वहीच्या मधोमध, आखून ठेवल्यासारखा. त्याच्या बाकाखाली कंपासमधलं कर्कटक पडलेलं.

"कुणी केलं हे?" मॅडम ओरडल्या.

"मी," विशाच्या मागच्या बाकावरून शिवकन्या डोईफोडे उठली. "केस धरले आणि तोंड बाकावर आपटलं. तो मैथिलीला कर्कटक टोचायला निघाला होता. रोजच टोचतो."

आडनाव डोईफोडे, आणि पोरगी आडनावाला जागणारी. शाळेच्या कबड्डी संघाची पहिली चढाईपटू. जिल्ह्याची निवड रविवारी आलेली. एवढं खणखणीत कबूल केल्यावर कुणीतरी तिच्याकडे बघायला हवं होतं की नाही? पण कुणीच बघितलं नाही. अख्खा वर्ग फळ्याच्या वर बघत होता.

तिथं दिव्यांची ओळ होती. प्रत्येक बाकाचा एक दिवा. बहुतेक पिवळे, कारण सगळेच दचकलेले. शिवकन्येचा आत्ता कुठं हिरव्यातून पिवळ्याकडं झुकत होता. आणि अकरा नंबरचा दिवा लालभडक. अंधार होता तेव्हापासूनच तो लाल होता, हे आता सगळ्यांना आठवलं.

अकरा नंबर मैथिली तांगडेचा. विशाच्या शेजारचा बाक. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती आणि तिचे दात कडकड वाजत होते.

"तिसरा लाल," कुणीतरी मागून हळूच म्हणालं.

तिसरा लाल म्हणजे शाळेतून दाखला.

*

हे दिवे आले कुठून, ते सांगायला हवं. शाळा पोलादाच्या भट्ट्यांना खेटून. बाहेरच्या हवेत इतकी धूळ, की काही वर्षांपूर्वी सगळ्या वर्गांच्या खिडक्या सीलबंद करून टाकल्या. मग आत कोंडलेल्या हवेचं काय? म्हणून प्रत्येक वर्गात हवापेटी आली. प्रत्येक बाकाच्या कडेला बोटाएवढी नळी, ती बसणाऱ्याचा श्वास ओढून घेते आणि पेटीकडं पाठवते.

खंडागळे मॅडमना तर हे खेळणंच मिळालं. रोजच्या परिपाठात सुविचार, दिनविशेष, बातम्या, आणि त्यानंतर त्यांनी नवं सुरू केलं, हवावाचन. रोज एकानं उठायचं आणि पेटीवरचे आकडे वाचायचे.

पहिल्याच दिवशी एक पोरगं बोंबललं, "मॅडम, कार्बन डायऑक्साइड अठराशे पीपीएम! मेलो आपण!"

"बस खाली, मरत नाहीस," मॅडम म्हणाल्या. "पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागं किती. बाहेर असतात साडेचारशेच्या आसपास, इथं अठराशे. याचा अर्थ आपण सगळे एकमेकांची उष्टी हवा परत परत ओढतोय. विष नाही, पेंग आहे. तुझी जांभई बघ."

मग त्यांनी फळ्यावर उभी रेघ मारली. डावीकडं लिहिलं, यंत्रानं काय पाहिलं. उजवीकडं, आपण काय ठरवलं. "वाचताना ही रेघ ओलांडायची नाही. ओलांडायची असेल तर पुरावा घेऊन ओलांडा."

वर्षभर पोरांनी त्या रेघेला शिव्या घातल्या. पण हवा वाचायला शिकली. दार उघडलं की कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि धूळ चढते, खडू झटकला की कुठला आकडा उडी मारतो, डबे उघडल्यावर कुठला. शिवकन्या तर डोळे मिटून सांगायची, आज कुणाच्या डब्यात लसणाची चटणी आहे! ते मात्र यंत्रामुळं नव्हे.

त्याच पेटीत आणखी एक वायू मोजला जायचा, आयसोप्रीन. हा आपल्या स्नायूंत तयार होतो. अंग आवळलं, मुठी वळल्या, की तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. अब्ज रेणूंमागं जेमतेम शे-दीडशे, पण पेटीला तेवढे पुरतात. शास्त्रज्ञांनी एकदा चित्रपटगृहातली हवा मोजली होती. पडद्यावर थरारक प्रसंग आला की आयसोप्रीन उसळायचा, कारण सगळं थेटर खुर्चीत अंग चोरून बसलेलं!

आता शाळा होती भलतीच मारकुटी. भट्टीकडची पोरं आणि गावातली पोरं, पट्टे काढून एकमेकांची डोकी फोडायची. वाघचौरे सर, म्हणजे मुख्याध्यापक, वैतागलेले. तेवढ्यात निवांत नावाच्या कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, मारणारा माणूस मारण्याआधी अंग आवळतोच. आम्ही त्याला आधीच पकडू. पेटी तुमचीच, फक्त सॉफ्टवेअर आमचं. नाव ठेवलं, शांतिदिवा.

पोरांनी नाव ठेवलं, चहाडखोर.

मैथिलीचा पहिला लाल लागला, तेव्हा शेजारच्या वर्गात पोरं पट्ट्यांनी हाणामारी करत होती. दुसरा लागला, तेव्हा पीटीच्या सरांनी टेबलावर छडी आपटली होती.

*

"सर, मी मारलंय," शिवकन्या मुख्याध्यापकांच्या खोलीत चौथ्यांदा म्हणाली.

वाघचौरे सरांचे डोळे चक्क पाणावले. "मैत्री असावी तर अशी! मैत्रिणीचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतेस. डोईफोडे, परिपाठात सांगणार आहे मी तुझी गोष्ट."

"गोष्ट नाही सर, खरंय! विशाला विचारा."

विशा नाकाला कापूस लावून भिंतीशी उभा होता. केसातली ती पकड कुणाची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण शिवकन्येचं नाव घेतलं तर कर्कटकाची गोष्टही खरी ठरणार. "अंधार होता सर," तो नाकातून म्हणाला. "नाही दिसलं."

"बघ," सर म्हणाले. "तुझा दिवा हिरवा होता. घटनेनंतर पिवळा झाला, तो सगळ्यांचाच झाला. तांगडेचा आधीपासून लाल. यंत्र खोटं बोलतं का?"

"सर, ती मुंगीसुद्धा..."

"शांत पोरीच एक दिवस भडकतात. शनिवारी तिच्या घरच्यांना बोलावलंय. दाखला तयार ठेवलाय."

मैथिली इतका वेळ कोपऱ्यात उभी होती. आता तिनं सरांच्या टेबलाची कड धरली. "सर, दादाला नका बोलवू. मला मारा हवं तर. तुम्ही मारा."

बाहेर आल्यावर शिवकन्येनं तिची बाही वर सरकवली. कोपराच्या वर पट्ट्याच्या बकलाचे वळ, जुन्यावर नवे.

"मागच्या लालचं," मैथिली म्हणाली. "आता तर शाळाच बंद. आईनं मध्ये पडायचं सोडलंय."

शिवकन्येनं भिंतीवर अशी बुक्की मारली, की पोपडा खाली आला. मैथिली दोन पावलं मागं सरकली.

*

खंडागळे मॅडमनी सगळं ऐकलं. कर्कटक त्यांच्या खणात होतं.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण माझा विश्वास म्हणजे मोजमाप नव्हे. यंत्रानं काय पाहिलं?"

"मैथिलीचे स्नायू आवळले."

"आपण काय ठरवलं?"

"की ती मारणार." शिवकन्या थांबली. मग एकदम उडीच मारली तिनं. "मॅडम! मार खाणारासुद्धा आवळतो!"

"आणि मारणारा?"

याचं उत्तर मैदानावर मिळालं. मॅडम हातातली छोटी पेटी घेऊन कबड्डीच्या सरावाला आल्या. नियम एकच, चढाईला जाण्याआधी नळीत फुंकायचं. पेटीवर नवख्या पोरींची आयसोप्रीनची रेघ मध्यरेषेवर पाय ठेवण्याआधीच डोंगर चढायची, आणि पलीकडं गेल्या की गपकन पकड. गुडघे सोलले, एकीचा ओठ फाटला, एकीचं मनगट सुजलं.

शिवकन्येची पाळी आली. तिनं फुंकलं. रेघ सपाट, तळ्याच्या पाण्यासारखी.

मग ती आत घुसली. दम घुमवत, हात सैल सोडून, जणू बाजारात चाललीये. आणि अचानक, कुठलीही खूण न देता, तिचा गुडघा एकीच्या बरगडीत, कोपर दुसरीच्या गालावर. तिघींना लोळवून ती मध्यरेषेवर परत. तिच्या प्रशिक्षक ताईंनी लहानपणापासून हेच शिकवलं होतं, अंग सैल ठेव, घाव कळू देऊ नकोस.

"सपाट!" शिवकन्या पेटीभोवती नाचायला लागली. "मॅडम, माझी रेघ सपाट! ज्याचा हात सरावलाय तो आधी आवळतच नाही! पुरावा! रेघ ओलांडली आपण!"

मैथिली कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. शिवकन्येनं आनंदानं तिच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. मैथिलीच्या हातातली बाटली खाली पडली.

"यावर फार खूश होऊ नकोस," मॅडम पेटीकडं बघत म्हणाल्या.

"का हो मॅडम?"

"शनिवारी हवावाचन तुझं. फक्त वाचायचं. हात उगारायचा नाही. शब्द?"

"शब्द," शिवकन्या म्हणाली.

*

शनिवारी नववी ब मध्ये पांढऱ्या गणवेशातली पोरं गच्च बसली होती. समोर वाघचौरे सर, दाखला हातात. कंपनीचा माणूस, कोट घालून, घामाघूम. विशाची जागा रिकामी, तो दवाखान्यात दाताचं बघायला गेलेला. आणि दाराशी मैथिलीचा दादा भागवत. शिवकन्येला वाटलं होतं, कुणी राक्षस येईल. हा तर स्वच्छ शर्टातला, मऊ आवाजाचा माणूस. आल्या आल्या सरांच्या पाया पडला.

"आमच्या पोरीनं शाळेचं नाव खराब केलं सर. माफी मागतो. पुढचं मी घरी बघून घेतो."

सुविचार झाला. दिनविशेष झाला. शिवकन्या विशाच्या मागच्या आपल्या बाकावरच उठून उभी राहिली.

"आजचं हवावाचन. कार्बन डायऑक्साइड बाराशे. धूळ कमी, कारण भट्टीला सुट्टी. आता आयसोप्रीन. अकरा नंबर, लाल."

वर्गात कुजबुज. मैथिली मान खाली घालून बसलेली.

"बघा," सर म्हणाले, "आत्तासुद्धा."

"सर, यंत्रानं एवढंच पाहिलं, की अकरा नंबरचं अंग आवळलंय. ती कुणाला मारणार आहे आत्ता? तुम्हाला?" पोरं हसली. "दादा, तुम्ही जरा बाहेर व्हरांड्यात उभे राहता का? दोन मिनिटं."

भागवतनं सरांकडं बघितलं. सरांनी कंपनीच्या माणसाकडं. तो म्हणाला, "काय हरकत आहे, डेमोच होईल."

भागवत बाहेर गेला. दार लागलं. सगळे मुंड्या वर करून बसले. अकरा नंबर लाल... लाल... मग पिवळा. मग, हळूहळू, हिरवा.

दाराशी उभ्या पीटीच्या सरांनी दार उघडलं.

"आता आत या, दादा. इथं बसा, मैथिलीच्या शेजारी. विशाच्या जागेवर."

भागवत बसला. अकरा नंबरचा दिवा धाडकन लाल झाला. शेजारचा, भागवतचा, हिरवागार.

"कंपनीचे साहेब," शिवकन्येचा आवाज आता चढला, "तुमचा दिवा मारणाराला ओळखत नाही. ज्याला मार बसणारे त्याला ओळखतो! तुम्ही वर्षभर मार खाणाऱ्यांना लाल कार्डं वाटली!"

कुणीतरी टाळी वाजवली. कंपनीचा माणूस टाय सैल करायला लागला. वाघचौरे सर दाखल्याकडं बघत राहिले, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखे.

भागवतला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. आपल्या घरातली गोष्ट एवढ्या पोरांसमोर भिंतीवर पेटलीये.

तो हसला. "काय गं मैथिली," मऊ आवाजात म्हणाला, "घरचं सांगतेस होय बाहेर?"

आणि त्यानं मारलं. हात कधी उचलला, दिसलंच नाही. मैथिलीचं डोकं बाकाच्या कडेवर आदळलं, भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा फटका कानावर. पहिल्या रांगेतली पोरगी किंचाळली.

आणि वर भागवतचा दिवा? हिरवा. शांत, सुंदर, हिरवा.

शिवकन्येनं शब्द दिला होता. तो तिला आठवलाही असेल, पण हाताला आठवला नाही. हात सैलच होता. तो पुढं गेला, भागवतच्या मानेवरचे केस मुठीत आले आणि तोंड खाली, बाकावर. त्याच बाकावर, विशाच्या रक्ताचा डाग अजून पुरता निघाला नव्हता तिथं. पुन्हा तोच आवाज, देवमाशाच्या शेपटीचा. भागवत धडपडत उठला, पट्ट्याला हात घातला. शिवकन्येनं त्याचा घोटा पकडला, कबड्डीत पकडतात तसा, आणि ओढला. तो पाठीवर पडला, डोकं फरशीवर वाजलं. पीटीचे सर धावले आणि त्याच्या छातीवर बसले.

"दिवा बघा!" कुणीतरी ओरडलं. "डोईफोडेचा दिवा हिरवाच!"

खरंच की. सगळा वर्ग लाल झाला होता, भिंतीवर नुसता वणवा. त्यात फक्त दोन दिवे हिरवे होते, शेजारी शेजारी. एक भागवतचा. एक शिवकन्येचा.

*

पुढचं भराभर झालं. वाघचौरे सरांनी दाखल्याचे उभे दोन तुकडे केले आणि कंपनीच्या माणसाला म्हणाले, "भिंतीवरचे हे काजवे सोमवारपर्यंत उतरवा." तो म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करता येईल. सर म्हणाले, "दार तिकडं आहे." मॅडमनी पोलिसांना आणि बालसंरक्षणवाल्या बाईंना फोन लावला. मैथिलीला मामाकडं ठेवायचं ठरलं, शाळा हीच राहणार. पीटीचे सर भागवतला दंडाला धरून घेऊन गेले. जाताना तो परत मऊ आवाजात बोलायला लागला होता.

"आणि डोईफोडे," वाघचौरे सर म्हणाले, "आता पटलं, त्या दिवशीही तूच होतीस. दोन नाकं. उद्याच्या निवडीतून तुझं नाव काढावं लागेल."

"चालतंय सर," शिवकन्या म्हणाली. तिला खरंच चालत होतं. छाती नुसती फुगली होती तिची. जिंकली होती ती! वर्गातली पोरं निघाली, कुणी तिच्याकडं बघून शिट्टी मारली.

मैथिली अजून अकरा नंबरवरच बसून होती. भुवईवर मॅडमचा रुमाल, तिच्याभोवतीची हवा निवळलेली, दिवा पिवळा होऊन हिरव्यावर आलेला.

"सुटलीस की गं!" शिवकन्या हसत तिच्याकडं आली आणि पाठीवर थाप द्यायला हात उचलला.

अकरा नंबर लाल झाला.

शिवकन्येचा हात हवेतच राहिला. तिनं मागं वळून बघितलं. भागवत तर केव्हाच गेला होता. दाराशी कुणी नव्हतं. वर्गात मॅडम, मैथिली आणि ती. आणखी कुणीच नाही.

यंत्रानं काय पाहिलं. आपण काय ठरवलं. रेघ तिनं पुन्हा पुन्हा चाचपून बघितली. ओलांडायला काही उरलंच नव्हतं.

"माझ्यामुळं?" तिनं विचारलं.

मैथिलीनं भुवईवरचा रुमाल घडी बदलून पुन्हा दाबला. "तू चांगली आहेस गं," ती म्हणाली. "तुझ्यामुळंच तर वाचले. पण तुझा हात तसाच येतो. दादासारखा. येताना कळतच नाही."

शिवकन्येनं हात खाली घेतला. पहिल्यांदाच तिला तो जड लागला. मागं सरकत सरकत ती भिंतीपर्यंत गेली आणि फरशीवर बसली. दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले, बोटं उघडी, समोरून सगळी दिसतील अशी.

मॅडमनी खुर्चीवर चढून खिडकीवरची चिकटपट्टी ओढून काढली, वर्षानुवर्षांची, आणि जोर लावून खिडकी ढकलली. बाहेरची हवा आत आली. धूळ आली, धूर आला, कुठल्यातरी घरातल्या फोडणीचा वास आला.

दिवा लालच होता. शिवकन्या हलली नाही. चढाईत एवढा वेळ दम धरायची तिला सवय होती.

बऱ्याच वेळानं तो पिवळा झाला.

ती तशीच बसून राहिली.